भरून दिलेली पावले

एकतीस वर्षांत बाईंच्या हाताखाली दीडेकशे मुली शिवणकाम शिकून गेल्या, आणि बाई तिथे असेपर्यंत त्यांतल्या एकीलाही काम कमी पडले म्हणून घरी बसावे लागले नाही. गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात रोज संध्याकाळी पाचाला नग मोजले जात. एखाद्या मुलीच्या गठ्ठ्यात चार कॉलर कमी दिसल्या, की मोजणीदार येण्यापूर्वी बाई स्वतः तिच्या मशीनवर बसत, चार कॉलर सरळ रेषेत लावत आणि मुकाट्याने तिच्या गठ्ठ्यावर ठेवून देत. वर एवढेच बोलत, "उद्या हात चालव, नाहीतर कान उपटीन." ह्याला त्या 'भरून देणे' म्हणत. निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, गुडघे कुरकुरू लागले. भरून देण्याची सवय मात्र जिथल्या तिथे होती. ही हकीकत त्या सवयीपासूनच सुरू होते.

बाईंचा मुलगा बस चालवत असे. वय त्रेचाळीस, मिशा झुपकेदार, खांदे दार अडवतील एवढे रुंद. पण घरात काय आणि डेपोत काय, सगळे त्याला 'बाळ'च म्हणत. तो अकरा नंबरच्या मार्गावर होता. बावीस थांब्यांचा हा मार्ग डेपोत सर्वांत मानाचा समजला जाई, आणि बारा वर्षांच्या चोख नोकरीशिवाय तो कोणाच्या हाती पडत नसे. बाई नव्या माणसाशी बोलायला लागल्या, की तिसऱ्या वाक्याला "माझा मुलगा अकरा नंबरवर आहे" हे येणारच.

दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी बाळने सहाव्या थांब्यावर गाडी उभी केली, दार उघडले, माणसे चढली, माणसे उतरली, आणि दार काही त्याने परत लावले नाही. अपघात नाही, भांडण नाही, अंगात ताप नाही. अखेर डेपोतून दुसरा ड्रायव्हर आला, आणि कंडक्टरने बाळला हाताला धरून तीन जिने चढवून घरी पोचवले. त्या दिवसापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून होता.

"अरे, पण झालं काय?" बाईंनी पहिल्या दिवशी विचारले होते.

"काही नाही."

"काही झाल्याशिवाय का माणूस असा आडवा होतो?"

"तेच तर, आई. काही नाही झालं."

ह्या उत्तरावर बाईंना काही करता येईना. काय झाले ते कळले असते, तर त्यांनी ते एव्हाना निस्तरले असते.

बस कंपनीच्या दवाखान्यातली डॉक्टर वयाने लहान होती. टेबलावर प्लास्टिकचा पाठीचा कणा ठेवलेला, आणि तिचे केस तो कणा टांगायच्या दोरीहूनही आखूड कापलेले. तिने बाळची पाठ पाहिली, रक्तदाब पाहिला, जागेवरच दहा उठाबशा काढायला सांगितल्या. चौथीलाच बाळ धापा टाकू लागला. मग तिने त्याला झोपेचे विचारले, भुकेचे विचारले, कशात मन लागते ते विचारले. बाळने तिन्हींना एकच उत्तर दिले, आणि ते म्हणजे खांदे उडवणे.

"मन थकलंय आणि शरीर गंजलंय," डॉक्टर म्हणाली. "दोघं एकमेकांना धरून खाली बसलीयत. एक उठलं तर दुसरं उठेल. आता मन काही सांगून लगेच उठत नाही. पाय उठतात. तेव्हा गोळ्या देते, त्या चुकवायच्या नाहीत. आणि पायांपासून सुरुवात करू."

तिने खणातून एक निळा रबरी पट्टा काढून बाळच्या मनगटावर बांधला. हा पट्टा पावले मोजी.

"रोज सहा हजार. पहिले काही दिवस कमी भरतील, भरू देत. चार आठवड्यांनी पट्टा घेऊन या. तो बघून ठरवू, गाडीवर परत पाठवायचं की अजून काही महिने स्टोअरमध्ये."

स्टोअर म्हणजे डेपोच्या मागची बिनखिडकीची खोली. तिथे नटबोल्ट आणि उताराला लागलेली माणसे ठेवतात, असे बाईंचे पक्के मत होते.

"आणि आजी," डॉक्टर बाईंकडे वळली, "त्याला हुकूम नका सोडू. नुसती सोबत करा."

"मी तुमची आजी नव्हे. मला सगळे बाई म्हणतात. आणि हुकूम मी सोडत नाही, सांगते फक्त."

"बरं, आजी."

बाईंनी पर्सचा खटका असा लावला, की बाहेरच्या बाकावरच्या माणसाने मान वर केली.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी पट्ट्यावर दोनशे बारा पावले भरली. दुसऱ्या दिवशी एकशे नव्वद. पलंग ते न्हाणीघर, न्हाणीघर ते पलंग. जेवणाचे ताट बाई पलंगापाशीच नेऊन देत. सूनबाई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नऊला निघण्यापूर्वी ती नवऱ्याच्या उशाशी वाकून म्हणे, "नुसतं खाली फाटकापर्यंत जाऊन ये ना." तो हो म्हणे. बाई दारात उभ्या राहून "ऊठ!" म्हणत. तो उठे, उभा राही, आणि उभे राहण्याचे काम झाल्यासारखा पुन्हा बसे.

चौथ्या दिवशी सकाळी बाई चहाचा कप घेऊन गेल्या, तर पट्टा उशीशेजारी काढून ठेवलेला. बाळ डोळे मिटून पडलेला. बाईंनी कप ठेवला, पट्टा उचलला. दोनशेचा आकडा आणि सहा हजारांचा आकडा ह्यांच्यामधली वजाबाकी त्यांच्या डोक्यात आपोआप झाली. गठ्ठा कमी होता. मोजणीला साडेतीन आठवडे उरले होते. बाईंनी इकडेतिकडे पाहिले, पट्टा स्वतःच्या मनगटावर चढवला, त्यावर स्वेटरची बाही ओढली आणि दार ओढून घेऊन त्या खाली उतरल्या.

आता रस्त्यावर उभे राहिल्यावर प्रश्न आला, की जायचे कुठे? बाई आजवर कारणाशिवाय कधी चालल्या नव्हत्या. कारखाना, बाजार, शाळा, दवाखाना, एवढीच त्यांची जाण्याची ठिकाणे, आणि तीही बसने. रिकामे चालणे हा रिकाम्या माणसांचा उद्योग, असे त्या म्हणत. घरासमोरच अकरा नंबरचा पहिला थांबा होता. त्या थांब्याच्या खांबाकडे पाहून त्यांनी ठरवले, की बाळच्या नावाने चालायचे तर बाळच्या मार्गानेच चालावे.

बसच्या खिडकीतून हा रस्ता सपाट दिसत असे. तो सपाट नव्हता. दुसऱ्या थांब्याच्या अलीकडे असे चढउतार होते, की बाईंना दोनदा दुकानाच्या काचेत पाहण्याचे निमित्त करून उभे राहावे लागले, आणि त्यांतले एक दुकान पंक्चरचे निघाले. दुसऱ्या थांब्यावर त्या मटकन बसल्या. पायांतल्या वहाणांनी दोन्ही अंगठ्यांना फोड आणले होते. परत आल्यावर चोपन्न पायऱ्या चढताना त्या तीनदा थांबल्या. पट्टा म्हणाला, तेराशे. बाईंनी तो बाळच्या उशाशी जसाच्या तसा ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन, कोणी पाहत नाही अशा बेताने, पाय गरम पाण्यात बुडवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूनबाईचे जुने कॅन्व्हासचे बूट काढले, पुढे कापसाचा बोळा कोंबला आणि पुन्हा निघाल्या. चालायला लागल्यापासून चौथ्या दिवशी तिसरा थांबा आला. आठव्या दिवशी चौथा. तिथे डेपो आणि कंपनीचा दवाखाना होता, म्हणून तेवढा थांबा बाई मान खाली घालून आणि झपाझप ओलांडत.

एकदा मागून अकरा नंबरच आली. बाळच्या गाडीचा कंडक्टर दारात लोंबकळत ओरडला, "मावशी! चढा की, जागा आहे!"

"मला कुठे जायचं नाहीये."

"मग चालताय कशाला?"

"कुठे जायचं नाही म्हणूनच चालतेय. कुठे जायचं असतं तर बसने गेले नसते का?"

गाडीत दोनतीन माणसे हसली. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी पुढे गेली. बाईंच्या मात्र लक्षात आले, की आपण हे बोललो तेव्हा आपल्याला धाप लागलेली नव्हती.

दुसरीही एक गोष्ट झाली, आणि ती बाईंनी बराच काळ स्वतःशीसुद्धा कबूल केली नाही. कारखाना सुटल्यापासून नऊ वर्षे त्यांना पहाटेच्या आधीच जाग येई. छातीवर इस्त्री ठेवावी तसे काहीतरी जड येऊन बसे, आणि उजाडेपर्यंत हलत नसे. बाईंनी ते कोणाला सांगितले नव्हते. त्यांच्या घरात अशा गोष्टीला नाव नव्हते, आणि ज्याला नाव नाही त्याची तक्रार कशी करायची? वयाप्रमाणे असे व्हायचेच म्हणून त्यांनी ते निमूट सोसले होते. आणि आता, कापसाचे बोळे घातलेल्या बुटांचा दुसरा आठवडा सरता सरता, त्या एक दिवस जाग्या झाल्या तर खिडकीत चांगला उजेड होता, खाली दूधवाला येऊन गेला होता, आणि छातीवर काही नव्हते. त्यांनी हाताने चाचपूनसुद्धा पाहिले.

सूनबाईलाही काहीतरी जाणवले. एका संध्याकाळी तिने विचारले, "आई, तुम्हाला बरं आहे ना?"

"का? मला काय झालंय?"

"नाही, चार दिवस झाले, दुधाच्या झाकणावरून तुम्ही मला काही बोलला नाहीत."

"झाकण लावत असशील तू."

"कुठे लावते?" सूनबाई हसून म्हणाली. मग आवाज खाली आणून, बाळच्या खोलीकडे पाहत, "आणि आई, पट्टा बघितलात? काल पाच हजार दोनशे! मी दुकानात गेले की चालतो वाटतं हा. मला सांगत नाही, लाजतो असेल. मी मुद्दाम विचारत नाहीये. आठवडाभर मला दुकानात सारखं रडू यायचं हो, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघता बघता. आता नाही येत."

बाईंनी झाकण उचलले आणि दुधावर ठेवले.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्या सहाव्या थांब्यावर पोचल्या. थांबा अगदी साधा होता: एक बाक, एक कचऱ्याची पेटी, मागे मुलांच्या शाळेचे कुंपण. बाई बाकावर बसल्या आणि ह्या जागेत असे काय आहे ते शोधू लागल्या. काहीच नव्हते. तेवढ्यात समोरून, सुट्टीच्या कपड्यांत, पिशवी हलवत कंडक्टर आला आणि शेजारी बसला.

"माझं घर इथं मागेच आहे, मावशी. रोज तुम्हाला बघतो. आज म्हटलं, बसावं जरा. बाळ कसा आहे?"

"बरा आहे. तू मला एक सांग. त्या दिवशी इथे झालं काय?"

कंडक्टरने पिशवी मांडीवर घेतली. "काहीच नाही झालं. मी घंटी मारली. दार लागेना. मला वाटलं, यंत्र बिघडलं. पुढे जाऊन बघतो, तर हा आरशात बघत बसलाय. म्हणाला, 'दार लावलं की मागे कोणीतरी राहून जातंय असं वाटतं रे.' म्हटलं, बाबा, सगळे चढले. म्हणाला, 'परत एकदा बघ.' मी परत बघितलं. अकरा मिनिटं गेली अशी. लोक आधी ओरडले, मग गप्पच झाले. त्याला घाम फुटला होता नुसता."

बाईंनी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

"अचानक नाही झालं ते," कंडक्टर पुढे म्हणाला. "पूर्वी कसा होता, आठवा ना! शेवटच्या थांब्यावर आम्ही दोघं उतरायचो, गाडीभोवती चार फेऱ्या मारायचो, टायरला लाथा घालायचो, पलीकडच्या टपरीपर्यंत शर्यत लावायचो. हरला की चहा त्याचा. चार खेपा म्हणजे चार शर्यती. मग दोनेक वर्षांपूर्वी त्याने उतरायचंच सोडलं. बारा-बारा तास ड्रायव्हरच्या जागेवरच. मी म्हणायचो, चल रे, पाय मोकळे कर. तर म्हणायचा, 'कशाला? सगळं इथेच आहे.' डबा इथेच, थर्मास इथेच, आणि ती तुम्ही शिवलेली गादी. काय गादी आहे, मावशी! एकदा बसलं की माणूस उठणार नाही."

हे तो कौतुकाने बोलला, म्हणूनच बाईंना ते फार लागले. ती गादी त्यांनी खास मापे घेऊन शिवली होती. दुहेरी शिवण, आत दोन थर कापूस, पाठीला वेगळा उंचवटा. थर्मासही त्यांनीच आणला होता, बाळला चहासाठी उन्हातान्हात टपरीपर्यंत जावे लागू नये म्हणून. बाळला उठावे लागेल अशी एकेक गोष्ट शोधून काढून त्यांनी ती त्याच्या हातापाशी नेऊन ठेवली होती.

"पण आता होईल सगळं ठीक," कंडक्टर उठत म्हणाला. "पुढच्या सोमवारी तपासणी ना? डॉक्टरने सही केली की मंगळवारी गाडीवर. मागे साठ माणसं असतात, मावशी. तो बरा असला म्हणजे झालं."

परतीच्या वाटेवर बाईंना कारखान्यातली एक मुलगी आठवली. हसरी, गोड गळ्याची, आणि कॉलर लावण्यात कच्ची. सात वर्षे बाईंनी तिच्या कॉलर भरून दिल्या. बाई निवृत्त झाल्या, आणि पंधराव्या दिवशी त्या मुलीला काढून टाकले. तेव्हा बाईंनी नव्या सुपरवायझरला दगडाच्या काळजाची म्हणून नावे ठेवली होती. त्या मुलीला कॉलर लावायला शिकण्याचे कारणच कधी पडले नाही, आणि ते कारण आपणच सात वर्षे रोज पाच वाजता काढून घेत होतो, हे त्यांच्या मनात कधी आले नव्हते. आज तिसऱ्या थांब्याच्या चढावर, अजिबात धाप न लागता, ते आले.

आणि मग बाकीचेही आलेच. भूक कोणाची परतली? बाईंची. झोप कोणाला लागू लागली? बाईंना. डॉक्टरने जे औषध मुलाला दिले होते, ते रोज सकाळी त्याच्या उशाशेजारून उचलून आईनेच शेवटच्या थेंबापर्यंत घेतले होते, आणि रिकामी बाटली परत जागेवर ठेवली होती. सोमवारी त्या बाटलीकडे पाहून डॉक्टर सही करणार होती. मंगळवारी बाळ साठ माणसे मागे घेऊन बसणार होता, आणि सहाव्या थांब्यावर दार लावण्याची वेळ येणार होती.

खरे बोलावे, तर अकरा नंबर हातचा जाणार. गप्प राहावे, तर पोरगाच जाईल. बाईंनी आयुष्यात एवढा सोपा हिशेब एवढ्या कष्टाने कधी केला नव्हता. चार दिवस त्यांनी तो पुन्हा पुन्हा केला. चालणे मात्र चालूच ठेवले. फक्त पट्टा न घालता.

रविवारी दुपारी सूनबाई तिच्या बहिणीकडे गेली होती. बाई बाळच्या खोलीत गेल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि पट्टा दोघांच्या मधे ठेवला.

"बाळ, इकडे बघ. तुला एक सांगायचंय, आणि मी सांगत असताना मधे बोलायचं नाही." एवढे त्यांच्या नेहमीच्या आवाजात झाले. पुढचे होईना. त्यांनी चादरीची सुरकुती हाताने सरळ केली. "ह्याच्यातली पावलं तुझी नाहीत. मी चाललेय ती."

बाळने कूस बदलली.

"माहितीये," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू दार ओढलंस ना, तेव्हाच."

"आणि तू तोंड मिटून पडून राहिलास? तीन आठवडे? लाज नाही वाटली?"

"वाटली की." त्याच्या मिशांत काहीतरी हलले, पूर्ण हसू नव्हे ते. "पण म्हटलं, घरातलं एक माणूस तरी बाहेर पडतंय."

बाईंना ह्यावर रागवायचे होते. राग येईना.

"तू परत यायचीस ना, आई, तेव्हा मी जिन्यातला आवाज ऐकत बसायचो. पहिल्या दिवशी तू तीनदा थांबलीस. तिसऱ्यांदा एवढा वेळ थांबलीस, की मी उठून दारापर्यंत आलो होतो. कडीला हात लावला होता. मग तुझी पावलं पुन्हा वाजली." तो छताकडे पाहू लागला. "रोज तेच. तू वर येईपर्यंत जिवात जीव नसायचा. वाटायचं, दार लागलंय आणि कोणीतरी मागे राहिलंय. मग तू यायचीस. रोज यायचीस. हल्ली तर एकदाही थांबत नाहीस."

"उठून दारापर्यंत आला होतास?" बाईंनी विचारले.

"सात-आठ वेळा तरी."

"मग ती पावलं कुठे गेली?"

"पट्टा तुझ्याकडे होता ना!"

आणि बाळ हसला. फार नाही, पलंग जरासा हलला एवढेच. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि तो नीट लागला नाही म्हणून पुन्हा काढला.

सोमवारी त्या दोघांना कंडक्टरचा मेहुणा मोटारीने दवाखान्यात सोडून गेला. डॉक्टरने पट्टा यंत्राला जोडला, आकडे पाहिले आणि तिचा चेहरा खुलला. "अरे वा! हे शेवटचे चार दिवस सोडले तर—"

"तो नग माझा आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"ती पावलं माझी आहेत. एकूण एक. ह्याची पहिल्या तीन दिवसांची काय ती सहाशे. उरलेली मी भरून दिली. तुम्हाला जे बोलायचं ते मला बोला, त्याला नको."

डॉक्टरने मान वर केली. तिच्या हाताखाली एक छापील कागद होता. वर बाळचा नोकरी क्रमांक लिहिलेला, खाली सहीची जागा मोकळी, आणि पेनचे टोपण काढलेले. तिने तो कागद बाईंना दिसेल असा वळवला.

"मी ह्याच्यावर सही करणार होते," ती हळू म्हणाली. तिने पेनचे टोपण लावले. "आता गाडी नाही. तीन महिने स्टोअर, अर्धा दिवस. गोळ्या चालू. दर गुरुवारी माझ्याशी येऊन बोलायचं. आणि पट्टा पुन्हा शून्यापासून."

बारा वर्षे, अकरा नंबर, बिनखिडकीची खोली: हे सगळे बाईंच्या घशापर्यंत आले. त्यांनी पर्सच्या खटक्यावर बोट ठेवले आणि ते गिळले. शेजारी बाळने लांब श्वास सोडला. तो सुटकेचा होता, हे बाईंना त्या श्वासाच्या लांबीवरून कळले, आणि आपल्याला जी मानाची गादी वाटत होती ती त्याला टोचत होती, हेही कळले.

"चालेल," बाळ म्हणाला.

"तुम्हालाही एक पट्टा देऊ का, बाई?" डॉक्टरने विचारले.

बाईंना तो बदललेला शब्द ऐकू आला. "नको. मला कोणी मोजायची गरज नाही. मी चालतेच आहे."

बाहेर चौथ्या थांब्यावर दोघे उभे राहिले. अकरा नंबर आली. दार उघडले, आतून कंडक्टरने आधी बाळकडे, मग बाईंकडे पाहिले आणि तोंडाने विचारण्याऐवजी भुवया उंचावल्या. दोनतीन प्रवासी चढले. बाळ त्या उघड्या दाराकडे पाहत राहिला. बाईंच्या जिभेवर "चढ" होते, "चल" होते, "घाबरतोस काय" होते. त्यांनी ह्यांतले एकही बाहेर जाऊ दिले नाही.

"लाव रे दार," बाळ कंडक्टरला म्हणाला. "आम्ही मागे राहिलोय ते मुद्दाम राहिलोय. चालत येतो."

"घरी पोचलात की फोनवर घंटी मारा!" कंडक्टर ओरडला, आणि दार लागले. गाडी वळणाआड जाईपर्यंत बाळ बघत होता.

मग ते चालू लागले. सरळ रस्त्यावर बाळ पुढे असे, चढावर मागे पडे. पंक्चरच्या दुकानापाशी तो काचेत पाहण्यासाठी थांबला. तिथे काच नव्हती. बाईही थांबल्या आणि टांगलेल्या टायरांकडे जणू विकत घ्यायचे आहेत अशा नजरेने पाहू लागल्या.

"तू पण इथेच थांबायचीस?"

"मी इथे कधीच थांबले नाही," बाई म्हणाल्या.

"खोटं!"

"बरं. दोनदा."

जिन्यात तो पुढे होता, बाई दोन पायऱ्या मागे. पहिल्या मजल्यावर तो थांबला, दुसऱ्यावर थांबला. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे कठड्याला धरून बराच वेळ उभा राहिला. मान खाली, शर्ट पाठीला चिकटलेला. बाईंचे हात आपोआप पुढे झाले. त्यांनी ते मागे नेऊन एकात एक अडकवले आणि जिन्याच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे मोजण्याजोगे आहेत का ते पाहत राहिल्या.

पावले पुन्हा वाजली. शेवटची पायरी आली. बाळने दाराला पाठ टेकून मनगट वळवले.

"एक हजार सहाशे चार," तो धापा टाकत म्हणाला.

चार हजार तीनशे शहाण्णव कमी. बाईंनी वजाबाकी मनातल्या मनात केली, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदाच ती तशीच सोडून देऊन किल्ली काढली.